ग्रूम, प्रीन, प्रिंप, स्प्रूस अप : नटण्या-आवरण्याच्या इंग्रजी शब्दांत नेमका फरक काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रूम, प्रीन, प्रिंप, स्प्रूस अप, डॉल अप, ड्रेस अप या सगळ्यांपुढे इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘नटणे, सजणे, नीटनेटके होणे’ असाच काहीसा अर्थ सापडतो. मग कुठे कोणता शब्द वापरायचा? विचारणाऱ्या ताईंची दोन कामंही इथेच अडली आहेत. एक, हॉटेलातल्या नोकरीच्या अर्जात स्वतःबद्दल ‘वेल-ग्रूम्ड’ लिहावं का? दुसरं, एका मराठी कथेचा त्या इंग्रजीत अनुवाद करताहेत. त्यात आजी नातीला म्हणते, “पुरे झालं नटणं, गाडी चुकेल.” हे ‘नटणं’ इंग्रजीत कसं आणायचं?

मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो आणि दोन्ही बाजूंनी अनुवाद करतो. माझ्या अनुभवात या शब्दांची गल्लत होते ती अर्थ ठाऊक नसल्यामुळे कमी आणि सूर न कळल्यामुळे जास्त. क्रिया जवळपास एकच असते : केस, चेहरा, कपडे ठीकठाक करणं. बदलतो तो बोलणाऱ्याचा त्या क्रियेबद्दलचा अभिप्राय. आपल्याकडेही तसंच आहे. ‘तिचं आवरून झालं’ म्हटलं की ती निघायला तयार आहे एवढंच कळतं. ‘तिचा नट्टापट्टा चाललाय’ म्हटलं की बोलणारा वैतागलाय हेही कळतं. म्हणून शब्द निवडण्याआधी हे वाक्य कोण बोलतंय आणि त्याला समोरच्याचं हे करणं आवडतंय का, एवढं आधी ठरवा.

सुरुवात ग्रूमपासून करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

ग्रूम म्हणजे मुळात मुलगा, पोऱ्या, नोकर. पुढे तो शब्द घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसासाठी पक्का झाला. मराठीत त्याला मोतद्दार म्हणतात. हा मोतद्दार घोड्याला जे करतो, म्हणजे खरारा करणं, आयाळ विंचरणं, खूर साफ करणं, त्याला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ग्रूम हे क्रियापद लागू झालं आणि त्याच शतकात ते माणसांकडे वळलं. हा घोड्याचा इतिहास मुद्दाम सांगतोय, कारण शब्दाचा स्वभाव तिथूनच आला आहे. खरारा लग्नाच्या वरातीपुरता करत नाहीत, तो रोज करायचा असतो. ग्रूममध्ये ही रोजची निगा आहे. नखं वेळच्या वेळी कापलेली, मानेवरचे केस साफ केलेले, दाढी केलेली किंवा ठेवलीच असेल तर नीट कातरलेली, कॉलर स्वच्छ. सुंदर दिसण्याचा किंवा महागड्या कपड्यांचा यात काहीच संबंध नाही.

वेल-ग्रूम्ड आणि वेल-ड्रेस्ड यांतला फरक इथेच आहे. महागडा सूट घातलेला पण नखांत मळ साचलेला माणूस वेल-ड्रेस्ड असेल, वेल-ग्रूम्ड नाही. उलट एसटीचा एखादा कंडक्टर बघा. खाकी गणवेश अनेकदा धुऊन फिका पडलेला, पण इस्त्री कडक, भांग सरळ, मिशी कातरलेली, बोटं स्वच्छ. तो पुरेपूर वेल-ग्रूम्ड. यात भर टाकायची तर वेल-टर्न्ड-आउट हा शब्द आहे. त्यात शरीराची निगा आणि पोशाख दोन्ही येतात, शिवाय त्या दिवसाला साजेसा बेतही येतो. तो ब्रिटिश वळणाचा आहे आणि थोडा जुन्या चालीचा वाटतो, पण मला तो फार आवडतो.

ग्रूमचे आणखी तीन अर्थ माहीत नसतील तर गोत्यात यायला होतं. पहिला सोपा : नवरदेव. पण हा ग्रूम त्या मोतद्दाराच्या कुळातला नाही. जुन्या इंग्रजीत नवरदेवाला ब्रिडगुमा म्हणत, गुमा म्हणजे पुरुष. पुढे गुमा हा शब्द वापरातून गेला, लोकांना त्याचा अर्थ लागेना, आणि सोळाव्या शतकात त्या जागी ओळखीचा ग्रूम येऊन बसला. दुसरा अर्थ : एखाद्याला मोठ्या जबाबदारीसाठी घडवणं, हाताखाली तयार करणं. कंपनीचा मालक मुलीला आपल्या जागेसाठी ग्रूम करतोय, हे वाक्य स्वच्छ आहे. तिसरा अर्थ गंभीर आहे. वाईट हेतूने लहान मुलाचा किंवा मुलीचा विश्वास संपादन करणं, लाडीगोडी लावून हळूहळू जाळ्यात ओढणं यालाही इंग्रजीत ग्रूमिंग म्हणतात. इंग्लंड-वेल्सच्या २००३ सालच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात तर एका कलमाच्या शीर्षकातच हा शब्द आहे. आपल्याकडे ‘ग्रूमिंग क्लासेस’च्या पाट्या सर्रास दिसतात. व्यक्तिमत्त्व विकास, उठणं-बसणं, मुलाखतीची तयारी असं सगळं त्यात येतं आणि इथे ते कोणाला खटकत नाही. पण परदेशातल्या वाचकासाठी लिहिताना ‘आम्ही शाळकरी मुलांचं ग्रूमिंग करतो’ असं वाक्य कधीही लिहू नका. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येईल. तिथे ट्रेनिंग, कोचिंग, मेंटरिंग असे शब्द वापरा.

आता प्रीन. हा पक्ष्यांचा शब्द. प्राण्यांबद्दल लिहिताना साधारण रिवाज असा की पक्षी प्रीन करतात आणि मांजर, माकड, घोडा यांच्याबाबत ग्रूम येतं. माकडं एकमेकांच्या उवा काढत बसतात तेही ग्रूमिंगच. पाऊस थांबल्यावर तारेवर बसलेली साळुंकी नीट बघितलीत तर प्रीन हा शब्द कायमचा लक्षात राहील. आधी ती अंग फुलवते, झटकते. मग मान मागे वळवून शेपटीच्या मुळाशी चोच नेते. तिथे एक तेलाची ग्रंथी असते, बहुतेक पक्ष्यांना असते. ते तेल चोचीला लावून ती एकेक पीस मुळापासून टोकापर्यंत चोचीतून ओढते. पिसाच्या बारीक तंतूंचे अडकवे सुटलेले असतात, ते पुन्हा एकमेकांत गुंततात आणि पीस सपाट होतं. हे काम पक्ष्यासाठी जगण्या-मरण्याचं आहे, कारण पिसं विस्कटलेली राहिली तर उडता येत नाही आणि ऊबही टिकत नाही.

माणसाबद्दल मात्र प्रीन म्हटलं की ही गरज गळून पडते आणि फक्त तो मान वळवून स्वतःकडे बघण्याचा डौल उरतो. आरशासमोर उभं राहून आपल्याच रूपावर खूश होणारा माणूस प्रीन करतो. बोलणाऱ्याला तो थोडा आत्मसंतुष्ट वाटतो. इथून पुढे शब्द आरशाच्याही बाहेर गेला : आपल्या यशाबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेणं म्हणजेही प्रीन. निवडणूक जिंकून कॅमेऱ्यांसमोर मिरवणाऱ्या पुढाऱ्याला इंग्रजी वार्ताहर ‘प्रीनिंग पॉलिटिशियन’ म्हणतात तेव्हा त्याने केस विंचरलेत की नाही याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. अशा वेळी मराठीत ‘मिरवणे’ हे क्रियापद बरोबर बसतं. कोणाच्याही कौतुकासाठी हा शब्द वापरू नका. ‘यू आर प्रीनिंग’ हे समोरच्याला लागतं.

प्रिंप आणि प्रीन आवाजाने इतके जवळचे की विद्यार्थी ते अदलाबदल करून वापरतात. प्रीनमध्ये समाधान आहे, प्रिंपमध्ये चुळबुळ. झालेली वेणी पुन्हा सोडणं, बट कानामागे, मग पुन्हा पुढे, ओढणीची निरी एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, निघता निघता परत आरशाकडे वळणं. बारीकसारीक आणि गरजेपेक्षा जास्त वेळ चाललेलं आवरणं म्हणजे प्रिंप. त्याचं नातं प्रिम या विशेषणाशी जोडतात. प्रिम म्हणजे अतिशय काटेकोर, जरा अवघडलेलं. प्रिंपमध्ये टीका आहे, पण प्रीनइतकी कडू नाही. वैताग आहे आणि त्यात लाडही असू शकतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगे तासभर केसांना जेल लावत बसतात त्यालाही प्रिंप म्हणता येतं. मात्र इंग्रजी लिखाणात तो बायका-मुलींबद्दलच जास्त दिसतो, त्यामुळे तो वापरताना आपण कोणाला उगाच हिणवत नाही ना, हे पाहावं. प्रिंक असाही एक जुना शब्द याच घरातला आहे. वाचनात आला तर ओळखा, लिहिण्यात आणायची गरज नाही.

स्प्रूस अप हा माझ्या मते या सगळ्यांत कामाचा आणि निर्मळ शब्द. थोडक्या वेळात, एखाद्या निमित्ताने, आहे त्याला जरा ठाकठीक करणं. पाहुणे यायचेत, चेहऱ्यावर पाणी मारलं, केस विंचरले, सदरा बदलला : स्प्रूस अप झालं. हा शब्द घराला, बागेला, अर्जाच्या मसुद्यालाही चालतो, जे प्रिंपला जमत नाही. त्याची कथाही सुरस आहे. प्रशियाला इंग्रजीत पूर्वी प्रूस, स्प्रूस म्हणत. तिकडून येणाऱ्या चामड्याची जाकिटं फार ऐटबाज समजली जात आणि त्यावरून स्प्रूस म्हणजे टापटीप असा अर्थ आला असं मानतात. स्प्रूस झाडाचं नावही त्याच देशावरून पडलं.

याच्या जवळचा टिटिव्हेट. हा ब्रिटिश बोलीतला, हलकाफुलका. शेवटचा हात फिरवणं, इथे थोडी पावडर, तिथे एखादी पिन. पण याच्याबद्दल बजावून सांगतो : टिटिलेट हा वेगळा शब्द आहे आणि त्याचा अर्थ कामुक भावना चाळवणं असा होतो. इंग्रज माणसंही या दोघांत गफलत करतात. ज्याची जीभ अडखळते त्याने टिटिव्हेटच्या वाटेला न गेलेलं उत्तम.

डॉल अप म्हणजे बाहुलीसारखं सजणं : मेकअप, दागिने, ठेवणीतली साडी. बाईने स्वतःबद्दल म्हटलं, ‘आय गॉट ऑल डॉल्ड अप’, तर त्यात मौज आहे. मैत्रिणींमध्येही चालतं. पण ऑफिसात साहेबांनी सहकारी स्त्रीला ‘ऑल डॉल्ड अप टुडे’ म्हटलं तर तो आगाऊपणा झाला. एकच वाक्य, पण बोलणारा बदलला की ते शोभत नाही. शब्दकोश हे सांगत नाहीत.

ड्रेस अपला दोन अर्थ आहेत. एक, समारंभाला शोभेल असा चांगला पोशाख करणं. दुसरा, सोंग घेणं, म्हणजे गॅदरिंगला मुलं शिवाजी महाराज किंवा वासुदेव होऊन येतात ते. नुसते कपडे घालणं म्हणजे गेट ड्रेस्ड. ‘सकाळी उठून ड्रेस अप केलं आणि दूध आणायला गेलो’ असं इंग्रजीत लिहिलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की हा दुधाला शेरवानी घालून गेला. ओव्हरड्रेस्ड म्हणजे थंडीला जास्त कपडे घातले असं क्वचितच असतं, बहुधा प्रसंगाच्या मानाने फार भारी पोशाख केला असाच अर्थ असतो. आणि ड्रेसिंग-डाउन म्हणजे तर खरडपट्टी! मराठीतही आपण कोणाची तरी बिनपाण्याची करतो. आवरण्या-सावरण्याच्या शब्दांतून रागावण्याचे शब्द दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने घडवले, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

रोजच्या बोलण्यातली एक चूक मात्र आजच सोडा. आपण प्रवासाहून आल्यावर म्हणतो, “जरा फ्रेश होतो.” त्याचं इंग्रजी आपण ‘आय विल गेट फ्रेश’ असं करतो. इंग्रजीत कोणाशी ‘गेट फ्रेश’ म्हणजे आगाऊपणा करणं, अंगचटीला जाणं. योग्य शब्द फ्रेशन अप. वॉश अपचंही भान ठेवा. अमेरिकेत त्याचा अर्थ हात-तोंड धुणं, इंग्लंडमध्ये भांडी घासणं. लंडनमध्ये कोणाच्या घरी जेवण झाल्यावर ‘मे आय वॉश अप?’ विचारलंत तर यजमानीणबाई तुम्हाला बेसिनऐवजी सिंककडे नेतील.

केसांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू, कारण मराठी माणसाची इंग्रजी इथे हमखास घसरते. आपले ‘केस’ अनेकवचनी, त्यामुळे ‘माय हेअर्स आर फॉलिंग’ तोंडात बसलेलं असतं. डोक्यावरचे सगळे केस मिळून हेअर, एकवचनच. हेअर्स तेव्हाच, जेव्हा सुटे केस मोजायचे असतात : कोटावर मांजराचे दोन केस. दुसरं, “मी केस कापले” असं आपण न्हाव्याकडून कापून घेतले तरी म्हणतो. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे स्वतः कात्री हातात घेतली. दुसऱ्याने कापले असतील तर ‘आय हॅड माय हेअर कट’ किंवा सरळ ‘आय गॉट अ हेअरकट’. ‘कटिंगला गेलो होतो’ हे शब्दशः नेऊ नका. तिसरं दाढीचं. मराठीत दाढी करणं म्हणजे काढणं आणि दाढी ठेवणं म्हणजे वाढवणं. इंग्रजीत बिअर्ड म्हणजे फक्त असलेली दाढी. ती काढणं म्हणजे शेव्ह, कातरून आकारात ठेवणं म्हणजे ट्रिम, आणि गुळगुळीत चेहऱ्याच्या माणसाला म्हणतात क्लीन-शेव्हन. ‘क्लीन शेव्ह माणूस’ हे आपलं देशी रूप आहे. भांगाला ब्रिटिश पार्टिंग म्हणतात, अमेरिकन नुसतं पार्ट. आपल्या गावोगावच्या ‘हेअर कटिंग सलून’च्या पाटीवर रोमन लिपीत अनेकदा सॅलूनचं स्पेलिंग असतं. तो शब्द आणि केस कापण्याच्या दुकानाचा खरा शब्द सलाँ, दोघंही फ्रेंचमधूनच आलेले, पण अमेरिकेत सॅलून म्हणजे जुन्या धाटणीचा दारूचा अड्डा. तिथे केस कापायचे तर सलाँ किंवा बार्बरशॉप शोधा.

उलट बाजूचे दोन शब्दही सांगतो, कारण ते कळले की ग्रूम आणखी नीट कळतो. अनकेम्प्ट आणि डिशेव्हल्ड. दोघांचाही अर्थ ‘विस्कटलेला’ असा दिलेला असतो. अनकेम्प्टच्या मुळाशी विंचरणं आहे : न विंचरलेला. यात आठवड्यांची हयगय दिसते. वाढलेली दाढी, तेल न लागलेले केस, स्वतःकडे लक्ष देणंच सोडलेला माणूस. डिशेव्हल्डमध्ये फ्रेंच शब्दातला ‘केस’ लपलेला आहे, पण अवस्था तात्पुरती. डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीच्या लोकलने सीएसएमटीला उतरलेली बाई डिशेव्हल्ड असते : वेणी सुटलेली, ओढणी चुरगळलेली. पाच मिनिटांत ती पुन्हा ठाकठीक होते. तिला अनकेम्प्ट म्हणणं अन्याय आहे. अनुवादात एखाद्या पात्राचं दुःख दाखवायचं असेल तर या दोनांतला कोणता निवडता यावर सगळं वर्णन बदलतं. काल रात्रीच बातमी कळलेला माणूस डिशेव्हल्ड, वर्षभर त्यातून न सावरलेला अनकेम्प्ट.

स्मार्टबद्दल एवढंच : ब्रिटनमध्ये तो नीटनेटक्या पोशाखाला लावतात, अमेरिकेत मुख्यतः हुशारीला. आपण जो ‘दिसायला देखणा’ या अर्थाने वापरतो तो आपल्याकडचाच. पुरुषाच्या टापटिपीसाठी डॅपर हा शब्द छान आहे. त्यात थोडा रुबाब आहे आणि मनापासूनची दादही आहे.

आता ताईंच्या दोन कामांकडे.

अर्जात स्वतःबद्दल ‘आय अॅम अ वेल-ग्रूम्ड पर्सन’ लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शब्द चुकीचा नाही. हॉटेल आणि विमान कंपन्या आपल्या नियमांत ग्रूमिंग स्टँडर्ड्स म्हणतात तेही बरोबर आहे. पण वेल-ग्रूम्ड हा दुसऱ्याने बघून द्यायचा शेरा आहे. स्वतःच स्वतःला दिला की तो पोकळ वाटतो, आणि मुलाखत घेणारा तो पहिल्या नजरेत पडताळूनही पाहतो. त्याऐवजी कामाशी जोडून लिहा : पूर्वीच्या नोकरीत गणवेशाचे आणि ग्रूमिंगचे नियम कसोशीने पाळले, किंवा नव्या कर्मचाऱ्यांना ते शिकवले. तिथे हा शब्द शोभतो. समोर बसलेल्या माणसाचं कौतुक करतानाही ‘यू लुक वेल-ग्रूम्ड’ म्हणू नका, तपासणी केल्यासारखं वाटतं. ‘यू लुक व्हेरी स्मार्ट’ किंवा नुसतं ‘यू लुक नाइस’ पुरेसं आहे.

आणि आजीचं वाक्य. ग्रूम इथे चालणार नाही, कारण आजीला नातीची रोजची निगा खुपत नाहीये. प्रीन कडू होईल, आजी नातीला गर्विष्ठ म्हणत नाही. डॉल अप तेव्हा, जेव्हा नातीने खरोखर मेकअप-दागिने चढवलेत. तुम्ही पाठवलेल्या प्रसंगात ती फक्त वेणी तिसऱ्यांदा घालते आहे आणि गजरा कुठे माळावा ते ठरत नाहीये. हे प्रिंपच. ‘इनफ प्रिंपिंग, यू विल मिस युअर ट्रेन’ हे वाक्य उभं राहतं. पण कथेतली आजी खेड्यातली, साध्या बोलीची आहे, आणि प्रिंप हा शब्द बोलण्यापेक्षा लिखाणात जास्त भेटतो. म्हणून मी असेन तर तो निवेदनासाठी राखून ठेवीन आणि आजीच्या तोंडी ‘स्टॉप फसिंग विथ युअर हेअर’ देईन. फस करणं म्हणजे नको तितकी खटपट करत बसणं, आणि इंग्रज आजीही नातीला दारात उभं राहून अगदी हेच म्हणते. फक्त आधी मूळ कथेत पुन्हा एकदा बघा : गाडी म्हणजे तिथे रेल्वे आहे की एसटी, त्यावर ‘ट्रेन’ की ‘बस’ ते ठरेल.